अर्ध्या कानानं ऐकलं तर चालतं का?

"नमस्कार काका,

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, वय 36. आयटीत टेस्टिंगला आहे. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे लॅपटॉप मिटायला रात्रीचा एक वाजतो आणि डोकं पुढे दोन तास चालूच राहतं. सहा महिन्यांपूर्वी यूट्यूबनं आपणहून एक जपानी अल्बम समोर आणला, हिरोशी योशिमुराचा 'ग्रीन'. ऐकता ऐकता खांदे कधी सैल पडले कळलंच नाही. तेव्हापासून रोज रात्री तोच लावते.

आता अडचणी तीन. एक म्हणजे, पुढे काय ऐकावं हे शोधायला गेलं की 'जपानी झेन संगीत, दहा तास, गाढ झोप' असले व्हिडिओ येतात. त्यावर वाजवणाऱ्याचं नावही नसतं. दुसरी अडचण पैशांची. ऑफिसातला एक मुलगा म्हणतो, हे सगळं छोट्या रेकॉर्ड लेबलांकडून, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्यांकडून घ्यायचं असतं. एक एलपी पाहिली, टपालखर्च धरून साडेपाच हजार! आणि घरात रेकॉर्ड प्लेयर नाहीच. तिसरी अडचण सांगायला लाज वाटते. मी आठ वर्षं गाणं शिकलेय. आमचे गुरुजी म्हणायचे, ऐकायचं तर मांडी घालून ऐका, नाहीतर बंद करा. अर्ध्या कानानं ऐकणं हा सुरांचा अपमान आहे. आणि मी तर झोप यावी म्हणून ऐकते. नवरा म्हणतो, 'तंबोरा लावून ठेवलाय, गवई यायचाच राहिलाय.' हसू येतं, पण अपराधीही वाटतं.

— अर्ध्या कानाची, पुणे"

अगं, काका म्हटलंस म्हणून अहो-जाहो सोडतो. तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली नाही तर मी कितीही नावं सांगितली तरी तू ती चोरून ऐकल्यासारखीच ऐकशील.

तुझ्या गुरुजींचं म्हणणं खरं आहे, बैठकीपुरतं. ख्याल बांधलेलाच अशा तऱ्हेनं असतो, की तू समेची वाट पाहायची आणि गवयानं तुला थोडं ताटकळत ठेवायचं. मध्येच उठून भाजी परतून आलीस तर तो खेळ मोडला. पण गुरुजींच्याच घरी पहाटे आकाशवाणी लागत असेल ना? भूपाळी चालू, गॅसवर चहा, कुणी दात घासतंय, कुणी पेपर शोधतंय. त्या भूपाळीचा कुणी अपमान करत नव्हतं. किंवा देवळाच्या नगारखान्यातला सनई-चौघडा घे. खाली मांडी घालून कोण बसतं? येणारा-जाणारा नारळ घेतो, चपला ठेवतो, पोराला हाक मारतो आणि वरून सनई त्या सगळ्यावर पसरत राहते. ती देवळाच्या आवारासाठी असते. कुणा एकाला ऐकवायची नसते. तू रात्री जे ऐकतेस ते या जातीचं आहे. जपानीत त्याला 'कांक्यो ओंगाकु' म्हणतात. कांक्यो म्हणजे परिसर, ओंगाकु म्हणजे संगीत. परिसर-संगीत म्हण.

या कल्पनेचा उगम जपानबाहेरचा आहे. पॅरिसमधल्या एरिक साती या संगीतकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'फर्निचर संगीता'ची कल्पना मांडली होती. खुर्ची-टेबलासारखं असावं, खोलीत असतं पण कुणी टक लावून बघत बसत नाही. 1978 मध्ये ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं विमानतळांसाठी म्हणून एक अल्बम काढला आणि अशा संगीताला 'अँबियंट' हे नाव चिकटलं. पण हे धागे उचलून त्यांचं वेगळंच वस्त्र विणलं ते टोकियोतल्या काही माणसांनी. त्यातल्या एकाची गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तुझ्या पहिल्या अडचणीचं उत्तरही तिच्यातच आहे.

सातोशी आशिकावा नावाचा तरुण टोकियोच्या इकेबुकुरो भागात 'आर्ट विव्हान' या दुकानात काम करायचा. सेइबु संग्रहालयाशी जोडलेलं, कलेची पुस्तकं आणि सहसा कुठे न मिळणाऱ्या रेकॉर्ड्स विकणारं दुकान. गिऱ्हाइकाला 'हे ऐकून बघा' म्हणणारा माणूस असतो ना काउंटरमागे, तसा. त्यानं 'साउंड प्रोसेस' या नावानं स्वतःचं काम सुरू केलं आणि 1982 मध्ये 'वेव्ह नोटेशन' ही अल्बमची मालिका काढली. पहिला अल्बम हिरोशी योशिमुराचा, 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स'. दुसरा त्याचा स्वतःचा, 'स्टिल वे'. 1983 मध्ये मोटार अपघातात तो गेला, तेव्हा तिशीचा होता. मालिकेतला तिसरा अल्बम त्याच्यामागे 1984 मध्ये आला, सात्सुकी शिबानोनं पियानोवर वाजवलेला साती. मालिका तिथंच थांबली. पण आज ज्याला आपण जपानी अँबियंट म्हणतो त्याच्या मुळाशी एका रेकॉर्ड दुकानातल्या माणसाचा कान आहे, हे ध्यानात ठेव.

आता त्या नऊ पोस्टकार्डांबद्दल, कारण 'ग्रीन'नंतर तू हाच अल्बम ऐकावास असं मला वाटतं. टोकियोच्या शिनागावा भागात हारा नावाचं समकालीन कलेचं संग्रहालय होतं. 1938 साली बांधलेलं राहतं घर, त्याचंच पुढे संग्रहालय केलेलं. तिथल्या खिडकीतून दिसणारं अंगण योशिमुराच्या मनात भरलं. हे सूर तिथं वाजावेत असं त्याला वाटलं आणि ते तिथं वाजलेही. सामग्री काय, तर घरातला फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो आणि थोडीफार कीबोर्डची जोड. तुकड्यांची नावं बघ : 'क्लाउड्स', 'ब्लिंक', 'व्ह्यू फ्रॉम माय विंडो', 'अर्बन स्नो'. एकाचं नाव 'सोतो वा आमे', म्हणजे बाहेर पाऊस.

'ब्लिंक' एकदा मात्र गुरुजींच्या पद्धतीनं ऐक, मांडी घालून. मोजके स्वर येतात आणि थांबतात. ऱ्होड्सच्या स्वराला गोल, किंचित थरथरती आस असते. ती विरत जाते आणि पूर्ण विरायच्या आत पुढचे स्वर येतात. तेच, पण एखादी जागा हललेली. तू गाणं शिकलेली आहेस, तुला पहिल्या दोन मिनिटांत कळेल की इथं सम नाही. कुठेही पोचायचं नाहीये. नवऱ्याला सांग की तंबोऱ्याची उपमा चुकली. तंबोरा अखंड असतो, त्यात फट नसते. इथं फटीच फटी आहेत. त्या फटींत तुझ्या घरातला पंखा, खालच्या रस्त्यावरची शेवटची बस, फ्रिजची घरघर हे सगळं येऊन बसतं, आणि ते खटकत नाही. अर्ध्या कानानं ऐकलंस तर उरलेला अर्धा कान या आवाजांसाठी मोकळा राहतो. वाजवणाऱ्याला तेच हवं होतं. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नकोस. गुरुजींनाही मनातल्या मनात हे सांगून टाक.

(हारा संग्रहालय 2021 च्या जानेवारीत बंद झालं. त्या खिडकीतून आता कुणी पाहत नाही, पण तिची नऊ पोस्टकार्डं मात्र लोक विकत घेतायत.)

आता 'ग्रीन'कडे येतो. मला एक सांग, तू यूट्यूबवर जे ऐकतेस त्यात पाण्याची खळखळ, पाखरांची किलबिल आहे का? विचारतोय त्याला कारण आहे. 'ग्रीन' 1986 मध्ये जपानात निघाला तेव्हा त्यात निसर्गाचे आवाज नव्हते. एफएम जातीच्या सिंथेसायझरचे काचेसारखे स्वच्छ स्वर, बस. नंतर तो अमेरिकेत निघाला, तेव्हा तिकडच्या 'न्यू एज' गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून वर पाणी आणि पक्षी घालण्यात आले. म्हणजे साध्या वरणावर उगाच पनीर किसल्यासारखं. पुढे 2020 मध्ये सिॲटलच्या 'लाइट इन द ॲटिक' या लेबलानं 'ग्रीन' पुन्हा काढला तो मूळ स्वरूपात, पाखरांशिवाय. दोन्ही लागोपाठ ऐकून बघ. 'ग्रीन' या नावावरून आपल्याला रान आठवतं, पण तुकड्यांची नावं वाच : क्रीक, फील, शीप, ग्रीन, फीट, स्ट्रीट, टीव्ही, स्लीप. सगळीकडे तोच लांब 'ई'. रानाबरोबर रस्ता आणि टीव्हीही आहेत. माणूस आवाजाशी खेळत होता, पर्यटन खात्याची जाहिरात करत नव्हता.

ते दहा तासांचे 'झेन' व्हिडिओ हा त्या पाणी-पाखरांचाच पुढचा अवतार. बासरीसदृश काहीतरी, वर नळ सोडलेला, चित्रात चेरीचा मोहोर. वाजवणारा कोण? ठाऊक नाही. कुठल्या खोलीसाठी? कुठल्याच नाही. माझा नियम सोपा आहे. माणसाचं नाव नाही, साल नाही, गाव नाही, तर पुढे जायचं.

झेनच्या बाबतीत तुला आणखी थोडं निराश करतो. हे संगीत मठात जन्मलेलं नाही. त्याला पैसे पुरवले ऐंशीच्या दशकातल्या जपानी कंपन्यांनी, जेव्हा तिकडे पैसा धो धो वाहत होता. योशिमुराचा 'सराउंड' (1986) हा मिसावा होम्स या तयार घरं बांधणाऱ्या कंपनीसाठी केलेला. नव्या घरात राहायला जा आणि सोबत हे सूर. 'ए.आय.आर.' (1984) शिसेइदो या प्रसाधनांच्या कंपनीसाठी, अत्तराच्या निमित्तानं. हारुओमी होसोनोनं मुजीच्या दुकानांत वाजवायला संगीत केलं. योशिओ ओजिमानं टोकियोतल्या 'स्पायरल' या इमारतीसाठी केलं. आणि माझा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे ताकाशी कोकुबोचा 1987 चा 'गेट ॲट द वेव्ह'. सान्यो कंपनीच्या एसीच्या जाहिरातीसाठी निघालेला अल्बम! आपल्याकडे मिक्सरबरोबर स्टीलचा डबा मिळायचा, तिकडे एसीबरोबर समुद्राच्या लाटा. जपानात मोबाइलवर भूकंपाचा इशारा म्हणून जो अंगावर काटा आणणारा आवाज वाजतो, तोही याच कोकुबोनं रचलेला आहे. निजवणारा तोच आणि दचकवून उठवणाराही तोच.

तेव्हा हे 'विकाऊ' संगीत आहे का? असेल. चौघडाही कुणाच्या तरी वर्षासनावरच वाजायचा.

नव्वदच्या सुरुवातीला तो पैशाचा फुगा फुटला आणि हे सगळं जुन्या रेकॉर्डच्या दुकानांतल्या खोक्यांत जाऊन पडलं. वीसेक वर्षं तिथंच राहिलं. ते बाहेर काढलं छोट्या लेबलांनी, आणि ही लेबलं म्हणजे बहुतेक ठिकाणी एक-दोन वेडी माणसं. स्पेन्सर डोरन हा अमेरिकेतला संगीतकार, 'व्हिजिबल क्लोक्स' या जोडीतला. तो 2010 च्या सुमाराला अशा जुन्या जपानी तुकड्यांची मिश्रणं करून मित्रांना, मग जगाला ऐकवायला लागला. त्यानं आणि मॅक्सवेल ऑगस्ट क्रॉय यानं 'एम्पायर ऑफ साइन्स' नावाचं लेबल काढलं, आणि त्यांचा पहिलाच अल्बम कुठला? 'नाइन पोस्ट कार्ड्स', 2017 मध्ये. योशिमुरा तोवर हयात नव्हता, 2003 मध्येच गेला होता. पुढे 2019 मध्ये डोरननं लाइट इन द ॲटिकसाठी 'कांक्यो ओंगाकु' या नावाचा संग्रह निवडून दिला. 1980 ते 1990 या दहा वर्षांतले वेगवेगळ्या लोकांचे तुकडे त्यात आहेत. त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. या प्रांतात शिरायला इतका सोयीचा दरवाजा दुसरा नाही. सुरुवातीलाच आपल्या आशिकावाचा 'स्टिल स्पेस' आहे.

स्वित्झर्लंडमध्ये एक लेबल आहे, त्याचं नाव सात रोमन अक्षरांचं, डब्ल्यूनं सुरू होणारं आणि डब्ल्यूवरच संपणारं. उच्चारायच्या भानगडीत पडू नकोस. 'आम्हाला वाटेल ते आम्ही काढू' असा अर्थ आहे, मध्ये एक इंग्रजी शिवी घालून. नाव उनाड असलं तरी काम चोख. आशिकावाचा 'स्टिल वे' त्यांनीच पुन्हा काढला. 'इनोयामा लँड' या जोडीचा 1983 चा अल्बमही त्यांनीच काढला. त्यात सिंथेसायझरचा आवाज पाण्याच्या टाकीतून नेऊन मुद्रित करायचा प्रयोग आहे. पाणी वरून शिंपडलेलं नाही, सूरच पाण्यातून काढलेला.

आणि मिदोरी ताकादा! ही तालवाद्यं वाजवणारी बाई. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या शिस्तीतून बाहेर पडून आफ्रिका आणि आशियातल्या तालांकडे वळलेली. 1983 मध्ये तिनं 'थ्रू द लुकिंग ग्लास' दोन दिवसांत मुद्रित केला. मारिंबा, घंटा, झांजा, रीड ऑर्गन, शीतपेयाच्या बाटल्यासुद्धा, सगळं एकटीनं वाजवलेलं. तेव्हा फार कुणी घेतला नाही. तीसेक वर्षांनी कुणीतरी तो यूट्यूबवर टाकला, आणि तुला जसा 'ग्रीन' सापडला तसा तो लाखो लोकांसमोर आपोआप जाऊन उभा राहिला. मग 2017 मध्ये त्याच स्विस लेबलानं न्यूयॉर्कच्या 'पाल्टो फ्लॅट्स'बरोबर तो रीतसर पुन्हा काढला आणि ताकादाबाई जगभर कार्यक्रम करायला लागल्या. मारिंबा म्हणजे आपल्या काष्ठतरंगाचीच मोठी बहीण समज. फक्त हा अल्बम रात्री एक वाजता लावू नकोस. चौथा तुकडा हळूहळू असा पेटत जातो की झोप उडेल. रविवारी दुपारचा आहे तो.

यूट्यूबला मी नावं ठेवत नाही, त्यानं तुला दार उघडून दिलं. पण त्याला तुझ्याकडून फक्त वेळ हवाय, तो तू जागी राहून दिलास काय आणि झोपून दिलास काय, सारखंच. लेबलवाल्याचं तसं नसतं. तो कुणाच्या तरी वारसांना शोधतो, मूळ टेप मिळवतो, हक्कांचे पैसे देतो, मुखपृष्ठ नीट छापतो, आणि वर्षाला पाच-सात अल्बमच काढू शकतो. त्यामुळे तो नको ते काढत नाही. एक अल्बम आवडला की त्याच्या लेबलाचं पान उघडायचं आणि आधीचं-नंतरचं ऐकायचं. माझी अर्धीअधिक खरेदी अशीच झालीय. ग्रंथपाल चांगला भेटला की आपण कपाट शोधत नाही, त्यालाच विचारतो.

आज हयात असलेल्या, आज वाजवणाऱ्या लोकांकडेही वळ. जुन्याचंच कौतुक करत बसलो तर आपणही खोकंच होऊ. टोकियोत चिहेइ हाताकेयामा 'व्हाइट पॅडी माउंटन' हे लेबल चालवतो. त्याचं स्वतःचं संगीत गिटारवर केलेलं असतं, पण ऐकताना गिटार ओळखू येत नाही, सकाळचं धुकं ओळखू येतं. त्याचे अल्बम डझनांनी आहेत, सगळे घेण्याच्या फंदात पडू नकोस. टोकियोचंच 'फ्लाउ', 2007 पासूनचं. सिंगापूरचं 'किचन लेबल' मला विशेष प्रिय आहे. हारुका नाकामुराचा 'ट्वायलाइट' (2010) त्यांचा. पियानोच्या खटक्यांसकट, खोलीतल्या श्वासांसकट मुद्रित केलेला. हिरोशिमाचा 'मेइतेइ' याचा 'कोफू' (2020) पण त्यांचाच. जुन्या, हरवलेल्या जपानचा त्यात वास येतो, पण तो थोडा भुताळ आहे, झोपेला नको. टेलर डुप्री हा न्यूयॉर्कचा माणूस 1997 पासून '12के' चालवतो, त्यांच्याकडे 'इल्लुहा' या जोडीचा 'शिझुकु' (2011) आहे. एका जुन्या लाकडी चर्चमध्ये मुद्रित केलेला, आणि लाकूड ऐकू येतं. या चौघांपैकी एकाला आत्ता निवड. चारही नको.

आता पैसे. एलपी घेऊ नकोस. स्पष्टच सांगतो, कारण मी घेऊन बसलोय. जुलै महिन्यात परदेशातून रेकॉर्ड मागवली. पार्सल कस्टममध्ये बारा दिवस, मग ड्यूटी भरा, मग पोस्टमननं ती पावसात ग्रिलला अडकवली. मुखपृष्ठाला पोपडे आले आणि रेकॉर्ड बशीसारखी वाकलेली. पाच हजारांची बशी. आणि तुझ्याकडे तर प्लेयरच नाही! रेकॉर्ड प्लेयर, ॲम्प्लिफायर, स्पीकर, वर सुई बदलणं, हा वेगळा संसार आहे. हौस असेल तर जरूर मांड, पण झोपेसाठी नको. बाजू संपली की उठून उलटी करावी लागते, मग कसली झोप?

यातली बहुतेक छोटी लेबलं बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर भेटतात. डिजिटल अल्बम साधारण सात ते दहा डॉलरला, म्हणजे दोघांच्या बाहेरच्या जेवणात येतो. खरेदीआधी फुकट ऐकता येतं. घेतलास की फाइल तुझी, एमपी3 हवी तर एमपी3, दर्जेदार हवी तर फ्लॅक. फोनच्या ॲपवरही साठवता येतो, म्हणजे रात्री नेट बंद ठेवून ऐक आणि ऑफिसच्या मेसेजपासून सुट. कार्ड चालत नाही असं वाटलं तर बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' चालू आहे का बघ, नव्वद टक्के वेळा घोडं तिथंच अडलेलं असतं. डिजिटल विक्रीतले 15 टक्के बँडकॅम्प ठेवतं, बाकीचे, पेमेंटचा खर्च वजा जाता, लेबलाकडे जातात. 2020 पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. शक्य तर त्या दिवशी घे.

तिथली एक जागा फार कुणी वापरत नाही. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मार. त्या माणसानं आणखी काय काय घेतलंय ते सगळं उघडतं. ओळख ना पाळख, पण आवड जुळते. ज्यानं 'शिझुकु' घेतलाय त्याच्या कपाटात डोकावलं तर पुढच्या सहा महिन्यांची सोय होते. आणि लेबलाच्या पानावर 'फॉलो' दाब, नवं काही आलं की मेल येतो. त्या दहा तासांच्या व्हिडिओंच्या मागे धावायची गरजच उरत नाही.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, महिन्याला एक अल्बम, हजाराच्या आत. पंधरा दिवस तोच लाव. पहिल्या दोन रात्री कंटाळा येईल. येऊ दे. पाचव्या-सहाव्या रात्री तो खोलीचा भाग होतो आणि मग एखाद्या रात्री लावला नाही तर खोलीत काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. आवाज किती ठेवायचा? पंख्याच्या खाली. हेडफोन काढून ठेव, छोटा स्पीकर पलंगापासून लांब, दाराजवळ ठेव. कानात खुपसलं की ते परिसर-संगीत राहत नाही.

झोपेबद्दल एक वाक्य, कारण मी संगीतावर लिहितो, औषधावर नाही. रात्री तीनपर्यंत जाग हे महिनोन्महिने चाललं असेल तर योशिमुरा पुरणार नाही, डॉक्टरांना दाखव आणि शिफ्टचं मॅनेजरशी बोल.

आणि हो, तू सिंहगड रोडला राहतेस! पु. ल. देशपांडे उद्यान तुझ्या वाटेवरच असणार. पुणे-ओकायामा मैत्रीची बाग, ओकायामाच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केलेली. एखाद्या सुट्टीच्या सकाळी तिथं जा, फोन पर्समध्ये ठेव आणि पाण्याजवळ बस. जपानी बागांत 'शाक्केई' नावाची युक्ती असते, उसना देखावा. क्योतोच्या एंत्सू-जी मंदिरात बागेबाहेरचा, मैलोन्मैल लांबचा हिएई डोंगर कुंपणाच्या वरून असा दिसू देतात, की तो बागेतच धरलेला वाटतो. पुण्याच्या बागेत डोंगराऐवजी कुंपणापलीकडून पीएमटीचा हॉर्न येईल. वैतागू नकोस. आधी पाणी ऐक, मग हॉर्न, मग पुन्हा पाणी, आणि त्याच रात्री 'सोतो वा आमे' लाव.

तुझ्या नवऱ्यालाही ने. जाताना विचार त्याला, गवई आला का म्हणून.

आणि त्या 'ग्रीन'मध्ये पाखरं आहेत की नाहीत, तेवढं नक्की कळव.